जुना गार्बेज मॅट गेला, आता काय करावे?

व्हिडिओ संपादनाच्या प्रीमियर प्रो सॉफ्टवेअरमधील चार, आठ व सोळा बिंदूंचे गार्बेज मॅट, म्हणजे हिरव्या-निळ्या कापडासमोरच्या चित्रीकरणात माणसाभोवतीचे नको ते कापून टाकणारे इफेक्ट, 'ऑब्सोलीट' (कालबाह्य) फोल्डरमध्ये गेले म्हणून तुम्ही जुनी आवृत्ती शोधत बसू नका. नव्या कामासाठी ओपॅसिटी (क्लिप किती अपारदर्शक दिसावी) या सेटिंगखालचा मास्क, म्हणजे पेनने आखलेली हद्द, घ्या आणि जुना इफेक्ट लावलेला प्रोजेक्ट मात्र आहे तसाच राहू द्या.

बहुतेक नवशिके मास्क काढतात, पण तो अल्ट्रा कीच्या (मागच्या कापडाचा रंग पारदर्शक करणाऱ्या इफेक्टच्या) खाली. तसे केल्यास ही की फक्त मास्कच्या आत चालते आणि बाहेरचा लाइट स्टँड, मांडवाचा खांब, कापडाची सुरकुती हे सारे जसेच्या तसे दिसत राहते. तोच मास्क ओपॅसिटीच्या पेनने काढला, तर बाहेरचे सगळे कापले जाते. मी स्वतः परभणीतल्या एका लग्नाच्या कामात यावर अख्खी रात्र घालवली होती.

सुरुवातीला एवढे पाळा:

- मास्क माणसाच्या अंगाला चिकटवू नका. हात हलेल तेवढी जागा सोडा. कडा साफ करणे कीचे काम आहे.
- फेदर (मास्कची कड मऊ करणारी सेटिंग) थोडाच ठेवा.
- नवरीच्या हातात हिरवा चुडा असेल, तर मागे निळे कापड लावा. हिरव्यावर चित्रीकरण झालेच असेल, तर की न लावलेली तीच क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवून केवळ बांगड्यांभोवती मास्क काढावा लागतो आणि तो फ्रेमगणिक सरकवावा लागतो, जे मे महिन्याच्या लग्नसराईत कोणालाच परवडत नाही.

ट्रॅक मॅट आणि ब्लेंड मोड हे क्लिप एकमेकींवर बसवण्याचे इतर मार्ग सध्या बाजूला ठेवा.