लिफ्ट बंद होती त्या मंगळवारी

"मॅडम, हा आधीच एका जागी बसत नाही. त्यात खेळायला पाठवलं तर अभ्यासाला बसणार कधी?" एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता) असलेल्या मुलांचे पालक हे इतक्यांदा विचारतात, की ते खुर्चीत टेकायच्या आतच मला प्रश्न ऐकू येतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरी त्याचं रूप वेगळं असतं: शाळा, थेरपी, परत थेरपी, खेळायला वेळ कुठाय?

तिसरीतला एक मुलगा आठवतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गृहपाठ अपुरा म्हणून शाळेत पीटीचा तास बंद, घरी संध्याकाळी खाली जाणं बंद. अर्ध्या पानाच्या शुद्धलेखनाला दोन तास आणि रडारड. मी क्रिकेटचं शिबिर सुचवलं. आठवड्याभरात शिबिरातून त्याला परत पाठवलं. चूक माझीच. एका जागी उभं राहून चेंडूची वाट बघायची, नेमकं तेच तर त्याला जमत नव्हतं!

पुढे एकदा आई सहज म्हणाली, "मंगळवारी मात्र शहाण्यासारखा बसला."

"मंगळवारी काय होतं?"

"काही नाही. लिफ्ट बंद होती."

"मग?"

"मग काय, पाच मजले चढलो. दळणाचा डबा हट्टाने त्यानेच आणला."

मी पेन खाली ठेवलं. "ताई, उद्यापासून लिफ्ट रोज बंद आहे असं समजा."

तिला वाटलं, दमला म्हणून बसला. तसं नाही. दमलेलं मूल किरकिरं होतं. अंग नीट हललं की मेंदूत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन वाढतं. एडीएचडीची बरीचशी औषधं याच दोन रसायनांवर काम करतात. शिवाय ओझं उचलणं, चढणं, लटकणं यातून स्नायू-सांध्यांना मिळणारा दाब अशा मुलांना निवांत करतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. "तुझं सगळं अंगापासूनच सुरू होतं," असं सहकारी चिडवतात. चिडवोत.

जिन्यानंतर दोरीचा मल्लखांब आला. गुरुजी एकेकाला स्वतंत्र शिकवत, हे महत्त्वाचं. सांघिक खेळातले नियम, पाळी, आरडाओरडा यात ही मुलं हरवतात. पोहणं, सायकल, सूर्यनमस्कार, कराटे तुलनेने सोपे जातात. स्वमग्न मुलाला क्रम चित्रांतून दाखवा, आणि पाण्याजवळ त्याच्यावरची नजर क्षणभरही हटवू नका. फिट्स येत असतील तर पोहण्याआधी, डाउन सिंड्रोम असेल तर कोलांटउड्यांआधी डॉक्टरांना विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशीत 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं आहेत, आणि अपंगत्व असलेल्या मुलांनाही तोच आकडा दिलाय. बिचकू नका, 10 मिनिटांपासून सुरू करा. जमल्यास अभ्यासाच्या आधी. लक्ष लागण्याचा फायदा तेव्हाच पदरात पडतो. औषध किंवा थेरपी मनाने बंद करू नका. आणि शिक्षा म्हणून खेळ कधीही काढून घेऊ नका. शाळेलाही हे चिठ्ठी लिहून कळवा. या मुलाच्या वेळी ती मीच लिहिली, जरा कडक शब्दांत.

शुद्धलेखन आता पाऊण तासात होतं, रडणं क्वचित. गणितात अजून गोंधळ आहेच. परवा वडील पहिल्यांदा आले. "मल्लखांब ठीक आहे हो, पण मार्क वाढतील ना?"

"तुम्ही जिन्याने आलात की लिफ्टने?" मी विचारलं.