शेवरोलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार अमेरिकेत इतकी लोकप्रिय का झाली?

खरे सांगायचे तर सुरुवातीची कॉर्व्हेट दिसायला देखणी, पण धावायला सामान्यच होती. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती झळकली आणि त्याच वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिच्या जेमतेम ३०० गाड्या हाताने जोडल्या गेल्या. साऱ्या पांढऱ्या, आतून लाल, फायबरग्लासच्या. दरवाजाला बाहेरून मूठच नसल्याने आत हात घालून तो उघडावा लागे, आणि इंजिन सहा सिलिंडरचे, जोडीला दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स!

खप इतका मंदावला की गाडी बंद पडण्याच्या बेतात होती. मात्र १९५५ मध्ये आलेले आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन आणि झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याचा ध्यास यांमुळे तिला शर्यतीच्या गाडीचा दमखम लाभला. माझ्या मते तिचे सर्वांत सुंदर रूप म्हणजे १९६३ ची स्टिंग रे कूपे (बंद छताची, दोन दारांची गाडी), जिच्या मागच्या काचेला मधोमध दुभागणारी पट्टी मागचे दिसण्यात अडथळा आणते म्हणून पुढच्याच वर्षी काढून टाकण्यात आली, आणि म्हणूनच आज संग्राहक नेमकी तीच शोधत फिरतात. इंजिन चालकाच्या मागे बसवण्याचे डंटोव्ह यांचे स्वप्न मात्र २०२० च्या आवृत्तीत साकारले.