‘अर्ल’, ‘मार्क्विस’ आणि डलहौसीचं खुंटलेलं वतन

प्रश्न असा आला आहे: “शाळेत आपण ‘लॉर्ड डलहौसी’ शिकलो. एका जुन्या मराठी इतिहासात ‘अर्ल ऑफ डलहौसी’ सापडलं, दुसऱ्यात ‘मार्क्विस’. ही माणसं तीन की एक? या शब्दांना मराठीत काय म्हणावं? आणि अर्लच्या बायकोला काउंटेस का म्हणतात?”

माणूस एकच. अर्ल आणि मार्क्विस या ब्रिटिश उमरावांच्या दोन पायऱ्या, मार्क्विस वरची. जेम्स अँड्रू ब्रॉन-रॅम्झी, जन्म 1812. त्याचं आडनाव डलहौसी नव्हे, रॅम्झी. डलहौसी हे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या दक्षिणेला असलेल्या त्यांच्या गढीचं नाव. गढीवरून किताब पडला, किताबावरून माणूस ओळखला जाऊ लागला आणि माणसावरून हिमाचलातल्या थंड हवेच्या गावाला तेच नाव मिळालं. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव तयार होतं, तिथे गावाआधी ‘ऑफ’ लावून किताब तयार होतो, एवढाच फरक.

हा नवव्या अर्लचा तिसरा मुलगा. वडील भाऊ वारले म्हणून 1832 मध्ये तो वारस ठरला आणि ‘लॉर्ड रॅम्झी’ झाला. हा किताब उसना. अर्ल जिवंत असेपर्यंत त्याच्या थोरल्या मुलानं बापाचाच एखादा दुय्यम किताब वापरायचा असा रिवाज आहे, त्यानं काही उमरावकी मिळत नाही. म्हणून तर हा ‘लॉर्ड’ 1837 मध्ये संसदेच्या सामान्यांच्या सभागृहात (हाउस ऑफ कॉमन्स) निवडून जाऊ शकला. 1838 मध्ये वडील गेले आणि तो दहावा अर्ल झाला. 1848 च्या जानेवारीत गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात आला तो अर्ल म्हणूनच. 1849 मध्ये पंजाब खालसा केल्याबद्दल राणीनं त्याला मार्क्विस केलं, आणि किताबात पंजाबचं नावही घातलं. म्हणजे तुमचे दोन्ही जुने इतिहास बरोबर आहेत. 1848 ची हकीकत असेल तर ‘अर्ल’, 1853 ची असेल तर ‘मार्क्विस’. ‘लॉर्ड’ मात्र दोन्ही वेळा चालतो, कारण लॉर्ड ही पायरीच नाही, ते संबोधन आहे.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफवेअर्ड’ म्हणजे भाकरी राखणारा, घरच्यांना खायला घालणारा. आपला पोशिंदा. ‘लेडी’ त्याच घरातली, कणीक मळणारी. मराठीनं या पोशिंद्याचा ‘लाटसाहेब’ केला आणि आता तो शब्द कुणाचा तोरा उतरवायलाच वापरला जातो: “मोठा आला लाटसाहेब!”

उमरावांच्या पाच पायऱ्या उतरत्या क्रमानं अशा: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ड्यूक सोडून बाकी चौघांना बोलताना लॉर्डच म्हणतात, आणि पुढे किताबाचं नाव लागतं, पाळण्यातलं नाही. लॉर्ड कर्झन, लॉर्ड रिपन, लॉर्ड डलहौसी. मग लॉर्ड विल्यम बेंटिंक हा एकटाच नावासकट का येतो, असं कधी मनात आलं? बेंटिंक स्वतः उमराव नव्हताच. तो पोर्टलंडच्या ड्यूकचा धाकटा मुलगा. ड्यूक आणि मार्क्विस यांच्या धाकट्या मुलांना नुसता मान म्हणून नावाआधी लॉर्ड लावतात. शाळेच्या पुस्तकानं हा फरक बिनबोभाट अचूक जपला, फक्त कुणी सांगितला नाही.

आता अर्ल आणि काउंटेस. पाचही नावांत ‘अर्ल’ तेवढा अस्सल इंग्रजी मातीतला, स्कँडिनेव्हियन ‘यार्ल’चा भाऊबंद. डेन्मार्कचा क्नूट 1016 मध्ये इंग्लंडचा राजा झाला, त्यानं देशाचे मोठे प्रांत अर्लांकडे सोपवले. तेव्हा अर्ल हा हुद्दा होता. प्रांत सांभाळायचा, फौज उभी करायची, आणि राजाची मर्जी फिरली की घरी. 1066 मध्ये नॉर्मन लोक आले ते स्वतःचा ‘काउंट’ घेऊन. हा लॅटिन ‘कोमेस’वरून आला, म्हणजे राजाचा सोबती. गंमत अशी की नव्या राज्यकर्त्यांनी इंग्लंडात पुरुषासाठी जुना अर्लच ठेवला. पण अर्लचं स्त्रीरूप भाषेत नव्हतं, म्हणून बायको काउंटेसच राहिली, आणि त्याचा मुलूखही काउंटी झाला. नवरा एका भाषेतला, बायको दुसऱ्या भाषेतली, असा हा संसार आजतागायत चालू आहे. मराठीत ही अडचण आलीच नसती. पाटलाची पाटलीण केली तशी अर्लची अर्लीण करून आपण मोकळे झालो असतो.

पुढे काउंटीचा कारभार शेरिफकडे, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि अर्लकडे उरलं नाव आणि काउंटीच्या न्यायालयाच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा. या हिश्श्याला तिकडे ‘तिसरी पेनी’ म्हणत. चौथाई वसूल करणाऱ्यांच्या भाषेला हे समजावून सांगायची गरज नसावी. हुद्दा गेला, हक्क आणि नाव वंशात राहिलं, हे तर आपल्या देशमुख-कुलकर्ण्यांचंच चरित्र.

म्हणूनच ‘मराठीत काय म्हणावं’ याचं माझं उत्तर दोन भागांत आहे. पायरीचं नाव भाषांतरित करू नका. अर्लला ‘सरदार’ आणि मार्क्विसला ‘मोठा सरदार’ केलं की वाचकाला काहीच कळत नाही. अर्ल अर्लच राहू द्या. सर्वांना मिळून एक शब्द हवा तर ‘उमराव’ आहेच. अरबीत ते ‘अमीर’चं अनेकवचन, आपण ते एकवचनी करून टाकलं, आता बिघडलं काय! पण वारशाबद्दल लिहिताना आपले शब्द जरूर वापरा, कारण तिथे मराठीकडे इंग्रजीपेक्षा बारीक भेद आहेत. चाकरीच्या बदल्यात मिळतो तो सरंजाम, तत्त्वतः हयातीपुरता. पिढ्यानपिढ्या चालतं ते वतन. क्नूटचा अर्ल सरंजामी होता, डलहौसी घराण्याचा 1633 पासूनचा अर्ल वतनदार आहे. ‘पदवी’ हा शब्द मात्र इथे टाळाच. पदवी मिळवावी लागते, हे जन्मानं येतं.

वतनाची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगतो. आपलं वतन भावाभावांत वाटलं जाई, विकलंही जाई. ‘भाऊबंदकी’ हा शब्द त्याच भांडणांत मुरला आहे. ब्रिटिश किताब वाटता येत नाही, विकता येत नाही, मृत्युपत्रानं कुणाला देताही येत नाही. किताब देतानाच्या सनदेत वारसाक्रम लिहिलेला असतो आणि बहुधा तो ‘औरस पुरुष वंशज’ असा असतो. सगळं एकाला, बाकीच्यांना नमस्कार. क्वचित सनदेतच मुलीची सोय असते. शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना 1947 मध्ये अर्ल केलं तेव्हा मुलगा नसल्यानं तशी तरतूद केली होती. 1979 मध्ये ते गेले आणि थोरली मुलगी पॅट्रिशिया स्वतःच्या हक्कानं काउंटेस झाली. ही काउंटेस कुणा अर्लची बायको नव्हे, हे भाषांतर करताना लक्षात ठेवायला हवं.

दत्तकाला मात्र किताब मिळत नाही. आजही नाही. मालमत्ता खुशाल मिळो, किताब नाही.

हे वाक्य मराठी वाचकाला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल. साताऱ्याचे शहाजीराजे 1848 मध्ये वारले, गादी दत्तकाला नाकारली. झाशीच्या गंगाधररावांनी 1853 मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी दत्तक घेतलं, तेही नाकारलं. डलहौसीचा मुद्दा हाच होता, की दत्तक मुलाला खाजगी मालमत्ता मिळेल, पण राज्य मिळायला सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी. त्यानं आपल्या घरचा कायदा आपल्याला लावला, असं म्हणणं अति होईल. त्याची कारणं राजकीय होती. शिवाय तिकडे चुलतभावाला किताब मिळायला कुणाची मंजुरी लागत नसे.

आणि हा चुलतभाऊ खरोखरच कामी आला. डलहौसीला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. डिसेंबर 1860 मध्ये तो वारला तेव्हा मार्क्विसचा किताब, पंजाबच्या नावासकट, अकरा वर्षांतच खुंटला. तो पहिला मार्क्विस आणि शेवटचाही. जुनी अर्लकी मात्र पुरुष वंशात वर चढून आजोबांपर्यंत गेली आणि तिथून चुलतभाऊ फॉक्स माउल याच्याकडे उतरली. याच्या वडिलांनी आपल्या वडिलांच्या मामाची इस्टेट मिळाल्यावर रॅम्झी आडनाव टाकून माउल लावलं होतं. आपल्याकडे यालाच लोक सरळ ‘दत्तक गेला’ म्हणाले असते. अर्लकी आल्यावर 1861 मध्ये फॉक्सनं रॅम्झी पुन्हा जोडून घेतलं. तोही 1874 मध्ये निपुत्रिक गेला, पुन्हा दुसऱ्या चुलतशाखेला अर्लकी मिळाली, आणि ती अजून चालू आहे.

अशा किताबाला इंग्रजीत जो शब्द वापरतात त्याचा शब्दशः अर्थ ‘विझलेला’. काही मराठी पुस्तकांत ‘नामशेष’ वाचला, पण तो इथे उलटा पडतो. नामशेष म्हणजे फक्त नाव शिल्लक, आणि इथे तर नावच गेलेलं असतं. मी ‘खुंटला’ लिहितो, वंश खुंटतो तसा. कुणी ‘मार्क्विसकी खालसा झाली’ असं लिहिलं तर शब्द म्हणून ते चूक आहे, कारण खालसा म्हणजे सरकारच्या थेट ताब्यात जाणं, आणि खुंटलेला किताब कुणाच्याच ताब्यात जात नाही. पण साताऱ्याच्या किंवा झाशीच्या माणसानं लिहिलं असेल तर मी ते दुरुस्त करणार नाही.