विहिरीतले थर आणि प्रावरणातले थर

अंबाजोगाईकडच्या विहिरीचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय, की पृथ्वीच्या प्रावरणातले (कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड भागातले) थरही असेच एकावर एक साचले का. नाही. आणि हा फरक नीट कळला की पुढचं बरंच सोपं जातं.

विहिरीत काळी माती, मुरूम, मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसॉल्ट), खाली काळा पाषाण, म्हणजे घट्ट बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोट आला, थिजला, त्यावर दुसरा आला. खालचा जुना, वरचा नवा. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटर बेसॉल्ट संपल्यावर त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला.

प्रावरणात हा हिशेब चालत नाही. 410 आणि 660 किलोमीटर खोलीवर भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो, तो मुख्यतः दाबामुळे. वर ऑलिव्हिन हे खनिज असतं. 410 ला त्याचेच अणू जास्त दाटीनं बसतात आणि वॅडस्लेआइट होतं, 520 च्या आसपास रिंगवुडाइट. 660 ला त्याचं ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज अशी दोन खनिजं होतात. माल तोच, बांधणी वेगळी. शिवाय हा घन खडक वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतो. तोच खडक वर चढू लागला की हे बदल उलटे होत जातात. त्यामुळे इथे जुना थर, नवा थर असं काही नसतं. पुस्तकातलं कांद्याच्या पापुद्र्यांसारखं चित्र मला म्हणूनच खटकतं.

काळानुसार घडलेले थर वेगळे, ते रसायनाचे. पृथ्वी कोवळी असताना प्रावरणाचा मोठा भाग वितळलेला होता. तो थिजताना लोह उरलेल्या द्रवात वाढत जातं, म्हणजे शेवटी थिजणारा भाग जड. चंद्रावर हे छान दिसतं: प्लॅजिओक्लेज हे हलकं खनिज तरंगून वर आलं, आपल्याला दिसणारे पांढरट उंच भाग त्याचेच. त्याखाली शेवटी थिजलेला लोह-टायटॅनियमचा जड थर पुढे आत बुडाला, असं मानतात. मंगळावर नासाच्या इनसाइट यानाच्या नोंदींवरून 2023 मध्ये गाभ्याला लागून वितळलेल्या सिलिकेटचा (खडकाच्या द्रवाचा) थर असल्याचा निष्कर्ष निघाला.

पृथ्वीवर सततच्या घुसळणीनं असे पुरावे बरेचसे पुसले गेले. तरी आफ्रिकेखाली आणि प्रशांत महासागराखाली, 2,890 किलोमीटरवरच्या गाभ्याला टेकून, दोन अवाढव्य प्रदेश आहेत. तिथे लहरी मंदावतात. ते त्या आद्य वितळीचा गाळ, की बुडालेल्या सागरी कवचाचा ढीग, यावर अजून वाद चालू आहे. मला दोन्हींचं मिश्रण जास्त पटतं.