ती रात्री का बसून असते?

बाळा, चहावाल्याच्या पोराकडून मोबाइलवर लिहून घेतलेलं तुझं पत्र वाचलं. तू बीडकडचा, ती परभणीकडची. छत्रपती संभाजीनगरात स्टेशनजवळच्या पुलाखाली दीड वर्ष सोबत राहता. आता ती धड बोलत नाही, मजुरांच्या अड्ड्यावर कामाला येत नाही, दुपारभर घाटी दवाखान्याच्या आवारात झोपते आणि बायांच्या बेघर निवाऱ्यात जाते म्हणते. तुला संशय, की तिच्या मनात दुसरा कोणी आहे. ऊसतोडीच्या मुकादमाकडून जोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन तिला ऊस तोडायला न्यावं का, तिथं ती ताळ्यावर येईल का, असं विचारतोस.

दुसऱ्या माणसाचं राहू दे. पत्रात एक वाक्य तू सहज टाकून दिलंस: 'रात्री ती भिंतीला टेकून बसूनच असते, तिला सवय आहे.'

सवय कसली रे! पुलाखाली बाई आडवी झाली की कोण कधी पांघरूण ओढील याचा नेम नसतो, म्हणून ती जागते. संध्याकाळनंतर पाणी तरी पिते का, विचार तिला. अंधारात लघवीला जायचं कुठं? तू दिवसभर सिमेंट वाहून गाढ झोपतोस. सकाळी तुझी पिशवी, चपला, मोबाइल सगळं जागच्या जागी असतं. ते कोण राखतं? दीड वर्ष डोळ्याला डोळा न लागलेली बाई चिडणार नाही तर काय ओव्या गाईल? राग आला मला तुझा, लपवत नाही.

आणि उचल! ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता, हे तुला मी सांगायला नको. तुझा कोयता पुरा व्हावा म्हणून तिच्या नावावर पैसे उचलशील. मग ते फिटेपर्यंत पहाटे फडात तीच, रात्री-अपरात्री गाडी भरायलाही तीच. झोप तिथंही नाही.

निवारा ही कुणाची मेहेरबानी नाही. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहराच्या १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांची सोय करायची, असं ठरलेलं होतं. महापालिकेत विचारलंस तर पत्ता मिळेल. ती तिकडं, तू इकडं, हे तुझ्या जिवावर येतंय, तेवढं कळतं मला.

तरी आज दिवस मावळायच्या आत तूच तिला निवाऱ्याच्या दारापर्यंत सोडून ये. मुकादमाला नाही म्हणून कळव. महिनाभर झोपू दे तिला. दुसरा कोणी आहे का, हे विचारायचंच असेल तर त्यानंतर विचार. तेव्हा तुला फाडकन उत्तर द्यायला तिच्या अंगात जीव असेल.