पानाऐवजी कोड दिसतो तेव्हा

प्रश्न : आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची एका छोट्या सर्व्हरवर अपॅची (ब्राउझरला पाने पाठवणारा प्रोग्राम) आणि पीएचपी (ती पाने तयार करणारी भाषा) यांच्या आधारे चालते. गेल्या आठवड्यात डेबियन या लिनक्स प्रणालीची ११वी आवृत्ती बदलून १२वी घेतली, जुनी पॅकेजेस काढून टाकली, आणि तेव्हापासून सूचीच्या पानाऐवजी ब्राउझरमध्ये पीएचपीचा कोडच जसाच्या तसा दिसू लागला. पीएचपी पुन्हा इन्स्टॉल केले. टर्मिनलवर विचारले तर ते आवृत्ती ८.२ असल्याचे सांगते. मग पान का चालत नाही?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कारण शोधण्याआधी अपॅची बंद करावा. दिसणाऱ्या कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असण्याची शक्यता मोठी आहे आणि तो आपल्याला दिसतो तसा कोणालाही दिसतो. दुरुस्ती झाल्यावर तो पासवर्ड बदलावाच.

आता कारणाकडे. टर्मिनलवर उत्तर देणारे पीएचपी आणि अपॅचीच्या पोटात चालणारे पीएचपी ही दोन वेगळी पॅकेजे आहेत. पहिले हजर आहे म्हणून दुसरेही कामाला लागले असेल, असे समजता येत नाही. डेबियन ११मध्ये पीएचपी ७.४ होते, १२मध्ये ८.२ आहे. अपॅचीच्या पोटातले पीएचपी म्हणजे त्याचे एक मॉड्यूल, म्हणजे जोडभाग. नवे मॉड्यूल बसताना जुने आधीपासून चालू असल्याचे पॅकेजला दिसले, तर ते नव्याला चालू न करता तसा एक ओळीचा निरोप देते आणि पुढे जाते. आवृत्ती बदलताना पडद्यावर सरकणाऱ्या शेकडो ओळींच्या गर्दीत हा निरोप कोणी वाचत नाही. त्यानंतर आपण ७.४ची पॅकेजेस काढली. जुने गेले, नवे चालू झालेच नव्हते, आणि पीएचपीच्या फाइलीचे काय करायचे हे सांगणारे कोणीच न उरल्यामुळे अपॅचीने ती साध्या मजकुरासारखी वाचकाच्या हाती दिली.

डेबियन आणि उबुंटू यांत अपॅचीच्या सेटिंगच्या डिरेक्टरीत ‘मॉड्स-अव्हेलेबल’ आणि ‘मॉड्स-एनेबल्ड’ अशा दोन डिरेक्टऱ्या असतात. पहिलीत बसवलेल्या सर्व मॉड्यूलांच्या छोट्या फाइली असतात, तर दुसरीत त्यांपैकी चालू असलेल्यांकडे नेणारे केवळ दुवे असतात. ‘एटूएनमॉड’ ही आज्ञा असा दुवा तयार करते आणि ‘एटूडिसमॉड’ तो पुसते. (इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरावीत आणि ‘टू’च्या जागी २चा आकडा घालावा.) तेव्हा रूट (मुख्य व्यवस्थापकाच्या) अधिकाराने ‘एटूएनमॉड’ आणि पुढे जागा सोडून ‘पीएचपी८.२’ असे द्यावे.

इथे एक अडथळा येऊ शकतो. ‘एमपीएम_इव्हेंट’ (एकाच वेळी आलेल्या अनेक मागण्या कशा हाताळायच्या हे ठरवणारे अपॅचीचे एक मॉड्यूल) चालू असल्यामुळे पुढे जाता येत नाही, आधी ते बंद करा, असे आज्ञा सांगेल. इव्हेंट पद्धतीत अपॅचीची एक प्रक्रिया अनेक थ्रेडांमधून (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामांच्या धाग्यांमधून) एकाच वेळी अनेकांना उत्तरे देते, आणि डेबियनचे पीएचपी मॉड्यूल थ्रेडांत सुरक्षितपणे चालण्यासाठी बांधलेले नसते. त्याला ‘प्रीफोर्क’ ही जुनी पद्धत लागते, जिच्यात प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया असते. म्हणून आधी ‘एमपीएम_इव्हेंट’ बंद करावे, मग ‘एमपीएम_प्रीफोर्क’ आणि त्यानंतर पीएचपी चालू करावे. ‘अपॅची२सीटीएल कॉन्फिगटेस्ट’ने सेटिंग तपासून ‘सिंटॅक्स ओके’ असे उत्तर मिळाले की अपॅची रीस्टार्ट करावा. तरीही जुनेच पान दिसले, तर आधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत पाहावे, कारण पुष्कळदा ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रतच आपण पाहत असतो.

दुसरा मार्ग पीएचपी-एफपीएमचा. त्यात पीएचपी अपॅचीबाहेर स्वतंत्र सेवा म्हणून चालते आणि अपॅची फक्त पीएचपीच्या फाइलींचे काम सॉकेटमधून (दोन प्रोग्रामांमधल्या संपर्काच्या वाटेने) तिच्याकडे पाठवतो. प्रीफोर्कमध्ये एखादे चित्र पाठवणारी प्रक्रियासुद्धा पीएचपीचे सारे ओझे अंगावर घेऊन फिरते, ते इथे टळते. दिवसाला पन्नासेक वाचक येणाऱ्या सूचीला जुनी पद्धत पुरेशी आहे, पण नवा सर्व्हर उभा करणाऱ्याने एफपीएमच घ्यावे असे माझे मत आहे. एफपीएमचे पॅकेज बसवून ‘प्रॉक्सी_एफसीजीआय’ आणि ‘सेटएन्व्हइफ’ ही मॉड्यूले चालू करावी लागतात, आणि ‘एटूएनकॉन्फ’ या आज्ञेने ‘पीएचपी८.२-एफपीएम’ ही जुळणीही चालू करावी लागते.

प्रश्न : एफपीएमवर गेल्यापासून एका डिरेक्टरीतील सर्व पानांवर ५०० क्रमांकाची त्रुटी (सर्व्हरची अंतर्गत चूक) येते. बाकी संकेतस्थळ नीट चालते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्या डिरेक्टरीतील ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत (हिच्यात त्या डिरेक्टरीपुरती अपॅचीची सेटिंग असते) ‘पीएचपी_व्हॅल्यू’ने सुरू होणारी ओळ आहे का, ते पाहावे. ती आज्ञा पीएचपी मॉड्यूलने अपॅचीला शिकवलेली असते. मॉड्यूल गेले की अपॅचीला ती ओळखता येत नाही आणि तो सारी डिरेक्टरी अडवतो. ओळ काढून तेच मूल्य ‘डॉट यूजर डॉट आयएनआय’ नावाच्या फाइलीत बरोबरीच्या चिन्हाने लिहावे. पीएचपी ही फाइल मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांनी पुन्हा वाचते, म्हणून बदल लगेच न दिसल्यास घाबरू नये. डेबियनमधील अपॅची ‘डॉट एचटी’ने सुरू होणाऱ्या फाइली झाकतो, पण हिला झाकत नाही. तिच्यासाठी मनाईचा नियम आपणच लिहावा.

प्रश्न : यादीत मराठी शीर्षके ५० चिन्हांवर तोडली की शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. ‘एमबीस्ट्रिंग’ (अनेक बाइटी चिन्हांचा मजकूर हाताळणारे पीएचपीचे मॉड्यूल) बसवले. ‘पीएचपी -एम’ त्याचे नाव दाखवते, पण संकेतस्थळ मात्र ‘एमबी_सबस्ट्र’ हे फंक्शनच नाही म्हणते. आमच्याकडे एफपीएम आहे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : चौकोनाचे कारण आधी सांगतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. साधे ‘सबस्ट्र’ बाइट मोजते. ५० बाइटांत सोळा चिन्हे बसतात आणि सतराव्याचे दोनच बाइट हाती लागतात, तोच तो चौकोन. (शीर्षकात मोकळ्या जागा असतील तर हिशेब बदलतो, कारण जागा एकाच बाइटची असते. म्हणूनच काही शीर्षके बिघडतात आणि काही बिघडत नाहीत.)

‘पीएचपी -एम’ फक्त टर्मिनलच्या पीएचपीची यादी देते. एफपीएमची सेटिंग-डिरेक्टरी वेगळी असते. ‘ईटीसी’मध्ये पीएचपी, ८.२, एफपीएम, कॉन्फ.डी असे क्रमाने आत जाऊन तिथे ‘२०-एमबीस्ट्रिंग’ या नावाचा दुवा आहे का, ते पाहावे. नसल्यास ‘पीएचपीएनमॉड एमबीस्ट्रिंग’ द्यावे. असल्यास आपण बहुधा अपॅची रीस्टार्ट केला असेल. एफपीएमची प्रक्रिया स्वतंत्र असल्याने तिला त्याचा पत्ताच लागत नाही, ‘पीएचपी८.२-एफपीएम’ ही सेवा रीस्टार्ट करावी लागते.

‘एमबी_सबस्ट्र’नेही काम अर्धेच होईल. ते चिन्हे मोजते, त्यामुळे ‘मराठी’ची पहिली चार चिन्हे मागितली तर ‘मराठ’ हाती येते आणि वेलांटी मागे राहते. ‘इंटल’ हे मॉड्यूल याच रीतीने चालू करून ‘ग्राफीम_सबस्ट्र’ वापरले, तर म, रा, ठी अशी तीन अक्षरे मोजली जातात आणि काना-मात्रा आपल्या अक्षराला सोडून जात नाहीत.