अफोर्डन्स, टेक्निकल डेट, एमव्हीपी: मीटिंगमधल्या शब्दांपैकी आधी कोणते समजून घ्यावेत?

उद्यमनगरातली फाउंड्री सोडून तुम्ही सॉफ्टवेअरच्या प्रॉडक्ट टीममध्ये आलाय आणि हे शब्द डोक्यावरून जातात, असं लिहिलंय. माझं ऐकाल तर टेक्निकल डेट, म्हणजे कोडमधलं कर्ज, आधी धरा. सगळ्यात जास्त चुकीचा तोच वापरतात.

वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनं १९९२ साली ही कर्जाची उपमा वापरली. आता कुठल्याही गचाळ कोडला लोक डेट म्हणतात. कनिंगहॅमचा रोख वेगळा होता. विषय अर्धामुर्धा कळलेला असताना कोड देऊन टाकला की कर्ज झालं, नीट कळल्यावर तो पुन्हा लिहिला की फेड झाली. आम्ही मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीचं बिलिंग केलं होतं. गुळाचा एक रवा (ढेप) म्हणजे ३० किलो, हे कोडमध्ये जागोजागी ठोकून बसवलं. मग ५ किलोचे, १ किलोचे रवे आले. नग वेगळा आणि वजन वेगळं, हे तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं. त्याच वेळी मुळापासून उकलायला हवं होतं. आम्ही जर-तरची ठिगळं लावत बसलो. पुढं साध्या रिपोर्टलाही आठवडा जायचा. ते व्याज.

अफोर्डन्स हा मानसशास्त्रातला शब्द, जेम्स गिब्सनचा. वस्तू आणि वापरणारा या दोघांत मिळून जे जमतं, ते. रंकाळ्याचा कठडा तुम्हाला बसायला आहे, दोन वर्षांच्या पोराला मात्र ती भिंतच. म्हणून ‘या बटणाला अफोर्डन्स द्या’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. डॉन नॉर्मन या डिझाइनवर लिहिणाऱ्यानं १९८८ मध्ये हा शब्द डिझाइनमध्ये आणला. गोंधळ इतका झाला की पुढं त्यालाच सिग्निफायर हा वेगळा शब्द पुढं करावा लागला. सिग्निफायर म्हणजे इथं दाबता येतं हे सांगणारी खूण. त्याच अडतीतले दिवाणजी कितीतरी दिवस छपाईचं बटण शोधत होते. होतं समोरच, फिकट राखाडी. त्यांना ते नुसतं शीर्षक वाटायचं.

एमव्हीपी (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट) म्हणजे अर्धवट माल नव्हे. गिऱ्हाइकाला ही गोष्ट खरंच हवीय का, ते कळण्यापुरतं कमीत कमी काम.

आणि ‘मेनूत सातच पर्याय, मिलरनं सांगितलंय’ असं कुणी ठोकून दिलं तर लगेच मान डोलावू नका. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा लेख एका दमात किती लक्षात राहतं, किती फरक ओळखता येतात यावर आहे. मेनू तर डोळ्यासमोर असतो, तो पाठ कुठं करायचाय?